ॲटॅचमेंट स्टाइलचा सहा आठवड्यांचा ॲपवरचा कोर्स केला, त्याचा रिव्ह्यू

ॲटॅचमेंट स्टाइल म्हणजे जवळच्या माणसाशी आपण कसे बांधले जातो, त्याच्यावर कसे विसंबतो, ती पद्धत. आधीच सांगतो, कोर्सचं नाव देणार नाहीये. एक तर पुढे मी बऱ्यापैकी शिव्या घालणार आहे, आणि दुसरं म्हणजे या विषयावरचे जेवढे ॲप-कोर्स सध्या फिरतायत ते साधारण एकाच साच्यातले दिसतात, तुम्ही कुठलाही घेतलात तरी यातलं निम्मं लागू पडेल. पाचपैकी तीन स्टार. तिन्ही स्टार तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याचे, बाकीच्या चार आठवड्यांना मिळून शून्य द्यायला माझा हात अजिबात थरथरणार नाही.

घेतला कसा ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. बायको चार दिवस ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेली होती. दुसऱ्या दिवशी रात्री मेसेज केला, एक टिक. अर्ध्या तासानं परत केला, एक टिक. मग फोन लावला तर बंद. आता ती झोपताना फोन बंद करते हे मला माहितीये, लग्नाला नऊ वर्षं झाली आणि नऊ वर्षं ती हेच करतेय, तरी सकाळी तिनं फोन चालू केला तेव्हा माझे अकरा मेसेज तिच्या अंगावर पडले, त्यातला पहिला ‘जेवलीस का’ आणि शेवटचा ‘असू दे, मला काय कळायचं ते कळलं’. काय कळलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तिचं उत्तर, ‘झोपले होते रे’. बास. आणि हे तीन शब्द मी दिवसभर उलटेपालटे करून बघत बसलो, ‘रे’ आहे म्हणजे चिडली नसावी, पण मग एखादा स्मायली टाकायला काय झालं होतं. त्याच रात्री दीड वाजता जाहिरात आली, ‘तुम्ही प्रेमात असे का वागता?’ कोण जागं आहे ते या फोनला बरोबर कळतं.

तर सुरुवात फुकट क्विझनं होते. १२ प्रश्न. त्यातला एक, ‘जोडीदाराचा रिप्लाय उशिरा आला तर अस्वस्थ वाटतं का?’ अहो, रात्री दीडला अंधारात पांघरुणात तोंड खुपसून क्विझ भरणाऱ्या माणसाला हे विचारताय होय. निकाल आला, लाल स्क्रीन, तडा गेलेलं हृदय, ‘तुम्ही ॲन्क्शस आहात’, म्हणजे नात्यात सतत काळजीत, आणि खाली ‘कोर्स अनलॉक करा’. केला.

गंमत पुढे आहे. बायको परत आली, मधे एक रविवार फार छान गेला, आणि त्या संध्याकाळी उगाच मी तीच क्विझ परत भरली. हिरवी स्क्रीन, एक डेरेदार झाड, ‘अभिनंदन, तुम्ही सिक्युअर आहात’, म्हणजे नात्यात निर्धास्त. खाली परत ‘कोर्स अनलॉक करा’. म्हणजे आजारी असलात तरी औषध घ्या, ठणठणीत असलात तरी घ्या. मी सपोर्टला लिहिलं की आठवड्याभरात माझी स्टाइल बदलली का काय, तर उत्तर आलं, ‘दोन्ही निकाल बरोबर असू शकतात’ आणि पुढे एक नमस्काराचा इमोजी. तेव्हा मला हे टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात कळलं की चुकून का होईना, ते खरं बोलले होते. त्यावर येतोच.

आधी सबटायटल्स. व्हिडिओ इंग्रजीत आहेत, खाली मराठी सबटायटल्स, ‘मराठीत उपलब्ध’ अशी जाहिरात करून विकतात म्हणून हे बोलणं भाग आहे. ॲटॅचमेंटला यांनी ‘आसक्ती’ केलंय. ‘तुमच्या बाळाला तुमच्याविषयी सुरक्षित आसक्ती आहे का?’ आपल्याकडे आसक्ती हा शब्द आला की ती सोडायची असते हो, संतांनी त्यात हयात घालवली! दुसऱ्या एका व्हिडिओत तर ‘बालपणीचे जोडपत्र’ असं आलं, म्हणजे ईमेलला चिकटवतात ते. सिक्युअर बेस, म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण बाहेर पडतो तो माणूस, त्याचं ‘सुरक्षित तळ’, जणू बायको म्हणजे नौदल आहे. आणि सेफ हेवनचं ‘सुरक्षित स्वर्ग’. हेवन म्हणजे आसरा आणि हेवन म्हणजे स्वर्ग, कुणाचा तरी कान चुकला. आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्याकडे ‘लळा’ असा अगदी नेमका शब्द असताना. पोराला लळा लागतो, कुत्र्याला लागतो, मोठ्या माणसाला मोठ्या माणसाचाही लागतो, फक्त कबूल करायला लाज वाटते. या सबटायटल्सना वैतागून मी माझ्या वहीत माझेच शब्द लिहायला घेतले, ॲन्क्शस म्हणजे धास्तावलेला, अव्हॉयडंट म्हणजे हातचं राखून राहणारा. पुढे तेच वापरतोय, कारण ‘मी ॲन्क्शस आहे’ म्हणलं की आपल्याला काहीतरी झालंय असं वाटतं आणि ‘मी धास्तावतो’ म्हणलं की आपण काहीतरी करतोय हे दिसतं, आणि मला तरी दुसरं जास्त कामाला आलं.

पहिले दोन आठवडे इतिहास आणि बालपण. इतिहास बरा आहे. जॉन बोल्बी नावाचे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ, त्यांचं म्हणणं असं की मूल आईला चिकटतं ते नुसतं दुधासाठी नाही, जवळ असणं हीच स्वतंत्र गरज आहे, भुकेइतकीच खरी. आता हे कुठल्याही आजीला विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पण त्या काळी शास्त्रात उलटं मानायचे. १९५८ च्या आसपास हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले, एक तारेची आई आणि एक मऊ कापडाची, दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिच्याकडे जायची आणि बाकी वेळ कापडाच्या आईला बिलगून. ते फोटो बघवत नाहीत. बोल्बींनी या विषयावर लिहिलेल्या तीन खंडांतला पहिला १९६९ ला आला, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

इथपर्यंत ठीक. पण मग पियानो वाजायला लागतो आणि निवेदिका बाई दुःखी आवाजात सांगतात की पहिल्या तीन वर्षांत सगळं ठरलेलं असतं. हे साफ चूक आहे. लहानपणीच्या लळ्याचा मोठेपणीच्या नात्यांशी संबंध आहे, पण तो ढोबळ आहे, सैल आहे, मधे शाळा येते मित्र येतात लग्न होतं कुणी जातं, माणूस बदलतो. कठीण बालपणातून येऊनही पुढे स्थिरावलेल्या माणसांना संशोधक ‘अर्न्ड सिक्युअर’ म्हणतात, म्हणजे कमावलेली स्थिरता, मुळात हा शब्दच का आहे बघा ना. ही गोष्ट कोर्समध्ये सहाव्या आठवड्यात एका ओळीत येते. तोवर दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ होऊन गेलेला असतो, ‘आईवडिलांनी तुम्हाला काय दिलं नाही त्याची यादी करा’. मी केली, पानभर झाली. नंतर चार दिवस आईचा फोन आला की मी तुटक बोलायचो आणि ती विचारायची, बरं नाहीये का रे तुला. पानभर यादीचं पुढे काय करायचं हे ॲप सांगत नाही, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

याच आठवड्यात ओझरता एक उल्लेख आहे तो मात्र फार आवडला. १९८० च्या दशकात मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्यांसाठी एक मुलाखत तयार केली, साधारण तासाभराची. त्यात सांगतात, लहानपणच्या तुमच्या आईशी असलेल्या नात्याला पाच विशेषणं द्या, आणि मग एकेका विशेषणाला एकेक प्रसंग सांगा. तुमचं बालपण सुखाचं होतं का दुःखाचं यावर मार्क नसतात, तुम्ही ते कसं सांगता, जुळवून नीट सांगता येतं का, यावर असतात. मी बायकोला सहज विचारलं, ती कपाट आवरत होती, म्हणाली, ‘छान होतं सगळं.’ म्हणलं एखादा प्रसंग सांग की. ‘आता आठवत नाही रे. छानच होतं.’ आणि कोर्सनुसार हे, विशेषण भारी आणि प्रसंग शून्य, हातचं राखून राहणाऱ्यांचं अगदी पुस्तकी लक्षण. मी मनात लगेच शिक्का मारून मोकळा. मग स्वतःसाठी केलं. पाच विशेषणं तर फटाफट लिहिली, आणि ‘प्रेमळ’ पुढे प्रसंग लिहायला मला पंधरा मिनिटं लागली. शिक्का गपचूप परत खिशात. ती मुलाखत तपासायला लोक रीतसर ट्रेनिंग घेतात, आपण कपाटासमोर उभं राहून करायची गोष्ट नाही ती.

आता तिसरा आठवडा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

मेरी एन्सवर्थ, मानसशास्त्रज्ञ. या बाईंनी आधी युगांडातल्या घरांमध्ये बसून आई आणि तान्ही मुलं बघितली आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला एक छोटासा प्रयोग बसवला. एक खोली, खेळणी, साधारण वर्षाचं मूल, आई आणि एक अनोळखी बाई. साधारण तीन-तीन मिनिटांचे आठ तुकडे, पहिला त्याहून छोटा. त्यात आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि दोनदा परत येते. मला वाटलेलं की आई गेल्यावर मूल किती रडतं ते मोजत असतील. ते बघतातच, पण खरी नजर असते आई परत आल्यावर. ती दारातून आत येते त्या क्षणाला मूल काय करतं. काही मुलं रडलेली असतात, आईकडे धावतात, कडेवर जातात, एखाद मिनिटात शांत होऊन परत खेळायला. ही सिक्युअर. काही मुलं आईकडे बघतच नाहीत, ठोकळे लावत बसतात, जणू काही झालंच नाही. आणि काही मुलं, इथे मी व्हिडिओ थांबवला, काही मुलं हात पसरून आईकडे जातात आणि तिनं उचललं की पाय झाडतात. जवळ घे म्हणून रडतात आणि जवळ घेतलं की ढकलतात. शांतच होत नाहीत. (नंतर चौथाही प्रकार सापडला, ज्या मुलांच्या वागण्यात धड दिशाच दिसत नाही अशी, पण ते वेगळं आणि जास्त गंभीर प्रकरण आहे, कोर्सनं ते दोन स्लाइडमध्ये गुंडाळलंय.)

मी थांबवला कारण मला आमच्या घराचं दार दिसलं. चार दिवस मी तिची वाट बघत होतो, गाडी कुठवर आली ते नकाशावर बघत होतो, आणि तिनं कुलूप उघडलं, बॅग आत ओढली, ‘आले रे’ म्हणाली, तेव्हा मी सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून ‘हं’ एवढंच म्हणलं. फोनवर काही नव्हतं. होमस्क्रीन होती. मी अंगठ्यानं ती डावीकडून उजवीकडे सरकवत होतो. तिनं बूट काढले, दोन मिनिटं उभी राहिली, आणि आत गेली. मग आत का गेली म्हणून मी रात्री भांडलो. वर्षाचं पोर पाय झाडतं, त्याला निदान भाषा येत नाही.

इथवर माझं झालं. तिचं पुढच्या व्हिडिओत. ती जी ठोकळे लावत बसणारी मुलं, त्यांना काही वाटत नाही असंच कुणालाही वाटेल, पण १९७७ मध्ये ॲलन स्रॉफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी मांडलं की अशा मुलांच्या छातीचे ठोके मोजले तर ते वाढलेले असतात. बाहेरून शांत, आत धडधड. मी नऊ वर्षं बायकोला एकच वाक्य ऐकवत आलोय, ‘तुला काही वाटतच नाही’, आणि ती त्यावर कधी काही बोललेली नाही, आणि ती बोलत नाही हाच मला पुरावा वाटायचा. कोर्समधलं एवढं एक वाक्य फीच्या लायकीचं आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर हे वाक्य शोधलं तर फुकटही मिळतं, पण मी शोधलं नसतं.

आणि ते क्विझचं कोडं. मोठ्यांच्या प्रेमावर हे गणित लावलं सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी, १९८७ मध्ये. त्यांनी चक्क एका वर्तमानपत्रात क्विझ छापली, तीन परिच्छेद, यातला तुम्ही कोणता ते सांगा. ६२० जणांच्या उत्तरांचा हिशोब केला, त्यात ५६ टक्के सिक्युअर, २५ टक्के हातचं राखणारे, १९ टक्के धास्तावलेले. १९९१ मध्ये बार्थोलोम्यू आणि होरोविट्झ यांनी तिनाचे चार खण केले. पण १९९८ पर्यंत असं दिसायला लागलं की खण नाहीतच मुळात. तोवरच्या सगळ्या प्रश्नावल्यांतले तीनशेवर प्रश्न एकत्र करून हजारावर विद्यार्थ्यांकडून भरून घेतले, तर खाली दोनच गोष्टी निघाल्या. जुन्या रेडिओला दोन बटणं असायची तसं. एक बटण, ‘हा माणूस मला सोडून जाईल’ याची धास्ती किती. दुसरं, कुणावर विसंबायची वेळ आली की अंग काढून घ्यावंसं किती वाटतं. दोन्ही कमी तर सिक्युअर. पहिलं मोठं तर मी. दुसरं मोठं तर ती. दोन्ही मोठी तर हवं पण आहे आणि भीती पण वाटते, बिचाऱ्यांची सगळ्यात जास्त ओढाताण. त्यातून जी प्रश्नावली झाली ती ३६ प्रश्नांची, दर बटणाला १८, उत्तर १ ते ७ मध्ये. हो-नाही नाही.

म्हणजे ‘उंच’ आणि ‘बुटका’ असे दोन गट केले तर मधल्या माणसाचं काय होईल? बूट घालून मोजला तर उंच, काढून मोजला तर बुटका. माझं तेच झालं, मी रेषेच्या जवळ आहे आणि १२ प्रश्नांच्या क्विझनं मला वाईट रात्री एका बाजूला ढकललं आणि चांगल्या रविवारी दुसऱ्या. हे ॲपवाल्यांना माहिती आहे, त्यांच्याच तिसऱ्या आठवड्यात आहे, तरी दारात तीच लाल-हिरवी स्क्रीन लावलीये कारण ‘तुमची धास्ती ७ पैकी ४.१’ असं सांगून कोण पैसे देणार. आणि माणूस प्रत्येक नात्यात सारखा नसतो, आई, वडील, जोडीदार, जवळचा मित्र यांच्यासाठी तेच नऊ प्रश्न वेगवेगळे विचारायची प्रश्नावली पण संशोधकांकडे आहे. मी मित्रांच्या बाबतीत एकदम निवांत आहे. वर्ष वर्ष फोन नाही केला तरी काही वाटत नाही. म्हणजे ‘मी असाच आहे’ हे म्हणणं पण संपलं.

चौथा आठवडा, व्यायाम. इथे दोन कामाच्या गोष्टी आहेत. धास्तावणाऱ्यानं काय हवंय ते एकदाच, सरळ, तक्रार न करता मागायचं आणि थांबायचं. पहिला मेसेज खरा असतो, दुसऱ्यापासून पुढची सगळी वसुली. आणि अंग काढून घेणाऱ्यानं भांडणातून उठून जायला हरकत नाही, पण परत कधी येणार ते सांगून जायचं, आणि त्या वेळेला यायचं.

बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, ‘हे तू ॲपवर शिकलास?’ पण नाही म्हणाली नाही. आठवड्याभरात भांडण झालंच, कशावरून ते खरंच आठवत नाही. ती उठली, नेहमीसारखी, आणि दारात थांबून म्हणाली, ‘वीस मिनिटं.’ दार लावलं. त्या वीस मिनिटांत मी काय काय केलं सांगू का, घड्याळ बघितलं, पंखा एकवर केला, दोनवर केला, सतराव्या मिनिटाला दारापर्यंत गेलो, हात वर केला टकटक करायला, आणि परत येऊन बसलो. विसाव्या मिनिटाला आतून अलार्मचा आवाज आला. तिनं अलार्म लावला होता! दार उघडलं, फोन हातात, अजून वाजतोय, तो बंद करत करत बाहेर आली, समोर बसली आणि म्हणाली, ‘हं, बोल.’ आणि माझ्याकडे बोलायला काहीच उरलं नव्हतं. दोघंही हसलो. म्हणजे आधी ती हसली.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. त्याच्या पुढच्याच आठवड्यात सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं. घरी सगळे फोनवर, ही मात्र हॉलमध्ये जमिनीवर बसून औषधांचा डबा उपसून बसली. सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि एक्सपायरीच्या तारखेप्रमाणे रांगेत लावायला लागली. आधीचा मी असतो तर म्हणलं असतं, अगं तुझे बाबा तिकडे आणि तू हे काय करतेस, बोल काहीतरी, रड तरी. १९९२ चा एक अभ्यास कोर्समध्ये सांगितला होता, जोडप्यातल्या बाईला सांगतात की आता तुम्हाला एका त्रासदायक प्रयोगाला जायचंय, आणि मग दोघांना बाहेर बसवून नुसतं बघतात. ज्या बायका हातचं राखून राहणाऱ्या होत्या त्या जितक्या जास्त घाबरल्या तितक्या जोडीदाराकडे कमी वळल्या. घाबरल्यावर जास्त वळायला पाहिजे ना? उलटं. अगदी आमचा हॉल. आणि दुसरा २००६ चा, त्यात १६ विवाहित बायकांना ब्रेन स्कॅनरमध्ये ठेवून शॉक बसू शकतो असं सांगितलेलं, नवऱ्यानं हात धरला की मेंदूतली धोक्याची हालचाल कमी व्हायची. म्हणून मी शहाण्यासारखा शेजारी बसून हात धरला. तिनं सोडवून घेतला. एका हातानं पट्टी उलटी करता येत नव्हती तिला. संशोधनात स्कॅनरमध्ये झोपलेल्या बाईला दुसरं काही काम नसतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी उठलो नाही एवढंच केलं. बसून राहिलो, काही बोललो नाही, आणि मला न बोलणं किती जड जातं ते मलाच माहीत. पाच-सात मिनिटांनी तिनं एक पट्टी माझ्या हातात दिली, ‘हे वाच रे, बारीक आहे, मला दिसत नाहीये.’ तिला चष्मा नाही. अक्षरंही काही फार बारीक नव्हती. मी तारीख वाचली, तिनं पट्टी रांगेत ठेवली, दुसरी दिली. अशा सगळ्या वाचल्या. (सासरे व्यवस्थित आहेत.)

पाचवा आठवडा, ‘जोडीदाराची स्टाइल ओळखा’. हा काढूनच टाकायला पाहिजे. सगळ्या उदाहरणांत धास्तावलेली ती बाई आणि अंग काढून घेणारा तो पुरुष. पुरुष सरासरीनं थोडेसे अंग काढून घेणारे निघतात हे खरं, पण फरक लहान आहे, आणि आमच्यासारखी उलटी घरं काय हवेत नाहीत. माझ्यासारख्या बाप्यानं अकरा मेसेज पाठवले की त्याला लोक प्रेम पण म्हणत नाहीत आणि धास्ती पण म्हणत नाहीत, ‘संशयी आहे’ म्हणतात, किंवा तो स्वतःच मी चिडलोय असं म्हणतो कारण घाबरलोय असं म्हणायची सवय नसते. यावर एखादा व्हिडिओ केला असता तर.

सोबत व्हॉट्सॲप ग्रुप मिळतो. दोन दिवसांत बाहेर पडलो. तिथे कुणीही आपल्या नवऱ्याची चार वाक्यं टाकतं आणि खाली वीस जण निदान करतात, ‘क्लासिक अव्हॉयडंट, पळ’. एकीनं लिहिलं होतं की नवरा रागाच्या भरात फोन फेकतो, पैशाचा हिशोब मागतो, मैत्रिणींना भेटू देत नाही, तर खाली सल्ला, ‘त्याचं ॲन्क्शस ॲटॅचमेंट आहे, त्याला जास्त खात्री द्या’. अरे काय! हा लळ्याचा विषयच नाही, ही दादागिरी आहे, आणि अख्ख्या सहा आठवड्यांत यावर एक वेगळा व्हिडिओ नाही की एक हेल्पलाइन नंबर नाही. ग्रुपच्या ॲडमिननं त्या मेसेजवर हृदय टाकलं होतं. माझा एक स्टार इथेच गेला. दुसरा कापला तो त्या पानभर यादीपायी, आईला मी अजून त्याबद्दल काही बोललेलो नाही.

सहावा आठवडा म्हणजे आरशासमोर उभं राहून म्हणायची वाक्यं आणि पुढच्या लेव्हलच्या कोर्सची जाहिरात. सर्टिफिकेट येतं, त्यावर ‘आपण आता सिक्युअर प्रवासी आहात’ असं लिहिलंय, मी कुणाला दाखवलेलं नाही. लाइव्ह सेशन दोन होते, एकात शिकवणाऱ्या बाईंचं नेट गेलं, दुसऱ्यात दोनशे लोक आणि प्रश्नाला अर्धा मिनिट. खरंच अडचणीत असाल, रोज रडारड होत असेल, तर हे पैसे समुपदेशकासमोर दोघांनी बसण्यात घाला, तिथे निदान समोरचा माणूस तुमच्या घराबद्दल बोलतो.

घ्यायचाच असेल तर क्विझ भरू नका, दुसरा आणि पाचवा आठवडा सोडा, ग्रुपला जाऊ नका, तिसरा दोनदा बघा. आणि बघितल्यावर लगेच जोडीदाराला ‘तू ना ठोकळेवाला आहेस’ असं म्हणू नका, मी म्हणलं होतं, त्या दिवशी वीस मिनिटांची चाळीस झाली.

फॅमिली प्लॅनमध्ये दोन लॉगिन मिळतात, तर एक बायकोला दिलं. तिनं मोठ्या मनानं क्विझ सुरू केली आणि चौथ्या प्रश्नाला ‘नंतर करते’ म्हणून बंद केली. याला आता तीन आठवडे झाले. ॲप तिला रोज नोटिफिकेशन पाठवतंय, आधी ‘तुमची क्विझ अपूर्ण आहे’, मग ‘आम्हाला तुमची आठवण येते’, काल तर ‘आमचं काही चुकलं का?’ असं आलं. तिनं मला दाखवलं आणि काही न बोलता फोन बंद करून झोपली.